माणिकरावांच्या एका परिचिताचे दुखणे

जगात विनाकारण काहीही गळत नाही, अशी माणिकराव पडघान यांची श्रद्धा होती. तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेऊन पाणीपुरवठ्याच्या खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला दुसरी श्रद्धा परवडतही नाही. मेडशीपासून मानोऱ्यापर्यंतच्या नळयोजनांवर त्यांनी गळत्या शोधल्या होत्या. गावकरी कधी जमिनीला दोष देत, कधी मुहूर्ताला, कधी सरपंचाला, माणिकराव मात्र शांतपणे म्हणत, "चर खणा. दाब कुठे वाढला ते कळेल." आणि ते कळे.

पण सेवानिवृत्तीनंतर रिसोडच्या समतानगरात स्वस्थपणे नांदत असताना, ऐन वर्षावासात एका सकाळी त्यांना संडासात रक्त दिसले, तेव्हा त्यांनी प्रथम एक गोष्ट केली जी त्यांनी कुठल्याही कनिष्ठाला कधी माफ केली नसती. त्यांनी गळती पाहिली, पाणी ओतले आणि कोणालाही न सांगता बाहेर आले.

याचे कारण समजून घ्यायचे तर समतानगरातला विहार डोळ्यांसमोर आणावा लागेल. पावसाळ्याचे तीन महिने तिथे रोज संध्याकाळी वंदना होऊन ग्रंथवाचन चाले, आणि वाचनाचे आसन माणिकरावांकडे होते. शुभ्र सदरा, शुभ्र पायजमा, फरशीवर पातळ सतरंजी, समोर चौरंगावर ग्रंथ. मांडी घालून बसले की वाचन आणि त्यानंतरचे विवेचन संपेपर्यंत वाचकाने उठू नये, असा दंडक होता. हा दंडक कोणी घालून दिला, असे विचारल्यास तो माणिकरावांनीच घालून दिला होता, असे उत्तर मिळते. त्यांच्या मागे या आसनावर डोळा ठेवून विहार समितीचे सचिव जगदेव बसलेले असत. जगदेव एसटीत वाहक होते. इंजिनाच्या आवाजावर मात करीत त्यांनी नोकरी केलेली असल्यामुळे त्यांचा खासगी आवाज नावाचा प्रकार शिल्लक राहिला नव्हता.

तर फरशी कठीण, पायजमा पांढरा आणि जगदेव मागे. माणिकरावांना आता बसवत नव्हते. पण उठलो तर आसन जाईल, आणि का उठलो ते सांगितले तर त्याहून अधिक काहीतरी जाईल, असे त्यांना वाटे. माणसाला हृदयविकार झाला तर तो भेटायला येणाऱ्यांना छातीवर हात ठेवून सांगतो. गुडघा दुखला तर गुडघा दाखवतो. निसर्गाने काही अवयवांना दुखण्याचा अधिकार दिला, पण बोलण्याचा दिला नाही.

माणिकरावांनी दोषशोधाची पद्धत अवलंबिली. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा, मग दुसरी बदलावी. पहिला संशयित अर्थात मिरची. वऱ्हाडात ज्याचे त्याचे खापर तिखटावर फोडण्याची परंपरा आहे, आणि पदविकाधारकही तिला अपवाद नाही.

"आजपासून ठेचा नको," ते पत्नीला म्हणाले.

भागिरथाबाईंनी तव्यावरची भाकर तशीच ठेवून मागे वळून पाहिले. लग्न झाल्यापासून या घरात असे वाक्य उच्चारले गेले नव्हते.

"काहून? तब्येत बरी नाही काय?"

"तब्येतीचा प्रश्न नाही. वयोमानानुसार आहारात सौम्यता असावी."

"मंग ठेचा नाही तं भाकर कायच्या संगं खासान?"

हा प्रश्न मूलभूत होता, आणि इथेच पद्धत कोलमडली. ठेचा गेला, तशी भाकर गेली. भाकर गेली, तशी तिच्या सोबतीची अंबाडीची भाजी गेली. ताटात दूधभात उरला. एकच गोष्ट बदलायची होती. प्रत्यक्षात पंगतच उठली. दूधभाताने जे व्हायचे तेच झाले. मार्ग अधिकच चोंदला, माणिकराव अधिकच जोर लावू लागले आणि रक्त अधिकच दिसू लागले. नळाला गाळ अडकला असता पंप जोरात चालवणाऱ्या ऑपरेटरांना त्यांनी आयुष्यभर मेमो दिले होते. हे त्यांना त्या वेळी आठवले नाही. स्वतःच्या बाबतीत माणूस आपले शिक्षण क्वचितच वापरतो.

शेवटी बाहेरून माहिती घेणे भाग पडले. मेडशीच्या रस्त्यावर भिंतींवर रंगवलेल्या मूळव्याध-भगंदराच्या जाहिराती त्यांनी खात्याच्या जीपमधून वर्षानुवर्षे पाहिल्या होत्या; 'एका सुईत कायमचा आराम' या वाक्यावर त्यांचा तंत्रज्ञ म्हणून विश्वास बसत नव्हता. तेव्हा त्यांनी, अत्यंत विचारपूर्वक, आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. विहाराच्या पायरीवर चपला शोधत असलेल्या जगदेवांना ते म्हणाले,

"जगदेवराव, माझ्या एका परिचितास मूळव्याधीचा त्रास आहे. आपल्या ऐकिवात काही उपाय?"

जगदेवांचे डोळे चमकले. त्यांनी खाली वाकून, त्यांच्या समजुतीप्रमाणे हळू आवाजात, विचारले, "परिचित? आपल्या इकडचा हाय काय?"

"नाव सांगणे योग्य नव्हे."

"बरोबर हाय, बरोबर हाय. बिचाऱ्याची इज्जत हाय."

माणिकरावांना हायसे वाटले. पण एक गोष्ट त्यांच्या हिशेबातून निसटली होती. ज्याला ते परिचित म्हणतील, असा माणूस साऱ्या समतानगराला ठाऊक असलेला एकच होता. गुलाबसिंग चव्हाण.

गुलाबसिंग मूळचे मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचे. माणिकरावांच्याच खात्यात पाइपलाइनीच्या कामावर मुकादम होते आणि निवृत्तीनंतर दोन घरे सोडून राहायला आले होते. विहारात ते रोज येत, शेवटच्या रांगेत बसत आणि माणिकरावांचे विवेचन मान डोलावत ऐकत; त्यातले किती कळले असे विचारले, तर म्हणत, "आवाज बेस हाय, बापा." त्यांना जगात अभिमान होता तो दोन गोष्टींचा: माणिकरावांच्या मैत्रीचा आणि स्वतःच्या पोटाचा. "आमाले दगडं चारा, पीठ होऊन निंगन," असे ते चहाच्या टपरीवर जाहीर सांगत.

त्या गुलाबसिंगांच्या दारात दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पपया आल्या. दुपारी सुरणाचा कंद आला. शेजारच्या रीताबाई इसबगोल घेऊन आल्या आणि "भाऊ, लाजू नोका, माह्या सासऱ्यालेही होता," असे सांगून, उत्तराची वाट न पाहता, डोळे पुसत गेल्या. टपरीवर त्यांच्यासाठी चहाऐवजी ताक मागवले गेले. कोणीतरी त्यांच्या बाकावर घडी घातलेली गोणी ठेवली.

संध्याकाळी गुलाबसिंग पपई हातात घेऊन माणिकरावांकडे आले.

"माणिकराव, मी मरून राह्यलो काय?"

"असे का म्हणता?"

"सारं नगर मले असं पाहून राह्यलं जसं का मी जाऊन राह्यलो. जगदेव म्हने, साहेबाच्या परिचिताले तरास हाय. तुमचा परिचित कोन हाय? मी सोडून तुमाले इचारते कोन?"

माणिकराव जरासे एका कुशीवर टेकून बसले. गुलाबसिंगांनी त्यांच्या बसण्याकडे पाहिले, मग दूधभाताच्या ताटाकडे पाहिले, मग पुन्हा बसण्याकडे. पाइप जमिनीत गाडलेला असला तरी वरच्या ओलीवरून गळती ओळखणाऱ्या माणसाला अधिक सांगावे लागत नाही.

"किती दिवस झाले?"

"वर्षावास लागल्यापासून."

"रगत?"

माणिकरावांनी मान हलवली. आणि मग, जी गोष्ट त्यांनी स्वतःशीही पुरती बोलून दाखवली नव्हती, ती हळूच बोलले. "गुलाबसिंग, माझ्या थोरल्या भावाचेही असेच रक्ताने सुरू झाले होते. तो मूळव्याधच समजून झाडपाला खात राहिला. मूळव्याध नव्हती."

बाहेर कोणाच्या तरी अंगणात पाण्याची मोटर चालू होती. गुलाबसिंगांनी पपई खाली ठेवली.

"मंग दवाखान्यात चाला."

"तिथे सगळे ओळखतात."

"मले ओळखतात ना? माह्या नावानं चाला. मी तं बदनाम झालोच हाय."

दवाखान्याचा दिवस ठरला. परंतु दरम्यान रीताबाईंनी गुलाबसिंगांसाठी आणखी एक औषध दिले होते, आणि गुलाबसिंगांनी ते इमानेइतबारे खऱ्या धन्याकडे पोचवले होते: एरंडेल. माणिकरावांनी ते दुपारी घेतले. मात्रेविषयी रीताबाईंनी "थोडंसं" एवढेच सांगितले होते, आणि अभियंत्याला अशा मोजमापाचा अर्थ लागत नाही. त्या संध्याकाळी वाचनात करुणेचे प्रकरण होते. माणिकराव एका हृदयस्पर्शी वाक्यापर्यंत आले, थांबले, त्यांचा चेहरा आक्रसला, कपाळावर घाम आला, आणि ग्रंथाला कसेबसे वंदन करून, आपलाच दंडक मोडून, ते तोंडावर उपरणे धरून झपाझप बाहेर पडले.

विहारातले सारे दाराकडे पाहत राहिले. मग जगदेव भरल्या गळ्याने म्हणाले, "याले म्हन्तात वाचन. सोतालेच आवरलं नाही." महिलांच्या बाजूला दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या दिवशी रस्त्यात लोक माणिकरावांना थांबून नमस्कार करू लागले. खोट्या अपमानापेक्षा खोटा सन्मान जास्त बोचतो, हे त्यांना त्या दिवशी कळले.

दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीत त्यांच्या जुन्या पंपचालकाचा मुलगा सतीश बसला होता. तो उठूनच उभा राहिला. "सर! जयभीम! तुमी लाइनीत काहून? काय झालं?"

"मला काही नाही. यांना दाखवायचे आहे."

"काय तकलीफ हाय, काका?"

गुलाबसिंगांना एव्हाना लोकलज्जेचा कंटाळा आला होता. "मूळव्याध," ते खणखणीत म्हणाले. "मोठ्या अक्षरात लिही." रांगेने आदराने दोन पावले जागा सोडली.

आत डॉक्टर मंजुषा होत्या. वयाने लहान, चेहरा शांत. त्यांनी केसपेपर पाहिला. "गुलाबसिंग चव्हाण. रक्त जातं? दुखतं? या, टेबलावर कुशीवर झोपा."

गुलाबसिंगांनी टेबलाकडे पाहिले, डॉक्टरांच्या हातमोज्यांकडे पाहिले आणि हात जोडले.

"म्याडम, या मानसासाठी मी नाव खराब केलं. पपया खाल्ल्या. टपरीवर ताक पेलो. पन दोस्तीलेही हद्द असते. टेबलावर हे झोपतीन."

डॉक्टर हसल्या नाहीत, याबद्दल माणिकराव त्यांचे जन्मभर ऋणी राहिले. त्या फक्त म्हणाल्या, "मग केसपेपर यांच्या नावाचा लागेल." आता एकाच्या नावाचा कागद दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, हा नियम माणिकरावांना चांगलाच माहीत होता, असल्या नियमांवर बोट ठेवूनच तर त्यांनी नोकरी केली होती. त्यांना पुन्हा रांगेत उभे राहावे लागले. खिडकीशी पोचल्यावर त्यांनी घसा साफ केला. सतीशने त्यांच्याकडे पाहिले, काही विचारले नाही, नाव लिहिले आणि तक्रारीच्या जागी एक बारीक अक्षर गिरवून कागद उलटा करून दिला. "जा सर," तो पुटपुटला. ज्याच्या बापाला आपण मेमो दिले होते, त्याने हे केले, असे माणिकरावांच्या मनात आले.

तपासणी झाल्यावर डॉक्टर समोर बसल्या. "मूळव्याधच दिसते, पहिल्या टप्प्याच्या पुढची. पण तुमचं वय आणि तुम्ही सांगितलेलं भावाचं दुखणं पाहता, दुर्बिणीची तपासणीही करून घेऊ. रक्त दिसलं की त्याचं कारण घरी बसून ठरवायचं नसतं."

"पण मूळव्याधीचे कारण काय? मिरची मी सोडली."

"मिरची कारण नाही. जखम असली तर ती झोंबते, एवढंच. तिथे शिरांच्या मऊ गाद्या असतात, सगळ्यांनाच. तिथला दाब पुन्हा पुन्हा वाढला की त्या फुगतात, खाली सरकतात."

दाब. माणिकराव खुर्चीत ताठ झाले आणि लगेच पुन्हा सैल झाले. इतक्या दिवसांत प्रथमच कोणी त्यांच्या भाषेत बोलले होते.

"दाब कशाने वाढतो?"

"कुंथण्याने. म्हणजे मूळ कारण बहुधा बद्धकोष्ठ. चोथा कमी, पाणी कमी. बायकांना गरोदरपणात हा त्रास होतो. कोणाला जड उचलून, कोणाला जुन्या खोकल्याने. वयानं आधार देणाऱ्या पेशी सैल पडतात, ते तर कोणाच्या हातात नाही. तुम्ही पाणी किती पिता?"

"सकाळी पितो. दुपारनंतर घेत नाही. वाचनात मध्ये उठावे लागू नये म्हणून."

गुलाबसिंगांनी कपाळावर हात मारला. "अरे बापा! अर्ध्या जिल्ह्याले पानी पाजलं आन् सोता कोरडा राह्यला!"

"आणि संडासात किती वेळ बसता?"

माणिकरावांनी थोडा विचार केला. "ते विषयावर अवलंबून आहे."

डॉक्टरांचे पेन थांबले. तेव्हा खुलासा करावा लागला. भागिरथाबाईंच्या गुडघ्यामुळे मुलाने घरी कमोड बसवून दिला होता. घरात टीव्ही, नातवंडे, फोन. एकांत असा तो एकच. ग्रंथ अर्थातच बाहेर आपल्या जागी असे, पण संध्याकाळच्या विवेचनाचे चिंतन ते सकाळी तिथे बसून करीत. शीलाचा विषय लवकर आटोपे. अनित्यतेला मात्र पाय बधिर होईपर्यंत वेळ लागला होता.

"त्या बैठकीला खाली मधोमध आधार नसतो," डॉक्टर म्हणाल्या. "जोर लावला नाही तरी, नुसतं बसून राहिलं तरी तिथे रक्त साठत राहतं."

माणिकरावांच्या डोळ्यांसमोर आराखडा उभा राहिला. आधाराविना लोंबकळत ठेवलेला पाइप, कोरडी लाइन, वर जोर लावणारा पंप. तिन्ही दोष त्यांच्याच हातचे होते, आणि तिन्हींचे मूळ एकच होते: आसनावरून उठायचे नाही. ज्या आसनावर बसून ते दर संध्याकाळी आसक्ती हे दु:खाचे कारण आहे असे समजावून सांगत, त्याच आसनाची ही आसक्ती होती. हे विवेचन त्यांना प्रथमच संडासाबाहेर सुचले.

दुर्बिणीची तपासणी वाशीमला झाली. अहवाल साफ आला. घरी आल्यावर त्यांनी भागिरथाबाईंना सगळे सांगितले. त्या उठल्या, पीठ मळायला घेतले. परातीवर मान घालूनच म्हणाल्या, "भासऱ्यासारखं, तुमच्या भावासारखं झालं असतं, तं मी कोनाले बोलली असती?" आणि बऱ्याच वेळाने, "अंबाडी हाय. ठेचा थोडाच देईन."

इथे कथा संपली असती. पण त्या संध्याकाळी माणिकराव विहारात पोचले, तेव्हा पहिल्या रांगेत एक गादीची खुर्ची ठेवलेली होती. जगदेवांनी स्वतः फिरून ती मिळवली होती, वर स्वतःच्या घरची उशी घातली होती.

"गुलाबसिंगभाऊसाठी," ते सर्वांना ऐकू जाईल असे कुजबुजले. "तरास असून मानूस रोज येते. आपलं काही कर्तव्य हाय का नाही?"

गुलाबसिंगांना दोघांनी दंडाला धरून खुर्चीत बसवले. त्यांनी माणिकरावांकडे पाहून खांदे उडवले. माणिकराव फरशीवर बसले.

वंदना सुरू झाली. त्रिशरण झाले, पंचशील आले. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा माणिकराव रोज पुढे म्हणत आणि सभा मागून म्हणे. त्या दिवशी त्या ओळीशी त्यांचा आवाज थांबला. सभा वाट पाहत राहिली. जगदेवांना वाटले, पुन्हा गहिवर आला. त्यांनी रुमाल काढला.

माणिकराव उठले. आसनावरून, मध्येच, पण विनाकारण नव्हे.

"गुलाबसिंग, ऊठ," ते म्हणाले, आणि हयातभर सांभाळलेली त्यांची कार्यालयीन भाषा कुठल्या कुठे गेली. "खुर्ची मले दे. दुखनं माह्यं हाय."

काढलेला रुमाल हातातच राहिला. जगदेव चाचपडत म्हणाले, "म्हंजे... तो परिचित?"

"मीच."

"आन् त्या दिवशी, करुनेच्या वाक्याले, तुमी तोंड झाकून..."

"ते एरंडेल होतं."

प्रथम कोण हसले ते कळले नाही. पण त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, सुटका होती, आणि ती मागच्या रांगांत अधिक होती. मग महिलांच्या बाजूने रीताबाईंचा आवाज आला. "सर, हसनं राहू द्या. कारण काय निंगालं ते सांगा. इथं अजून बरेच परिचित हायेत."

त्या संध्याकाळी वाचनाआधी माणिकरावांनी दाबावर विवेचन केले. कमोडविषयीही सांगितले. समतानगराच्या आठवणीत त्यांचे इतके लक्षपूर्वक ऐकले गेलेले दुसरे विवेचन नाही. रक्त दिसले तर पपई पाठवू नका, माणसाला डॉक्टरकडे पाठवा, असे त्यांनी सांगितले, तेव्हा त्यांना भाऊ आठवला, आणि या वेळी आवाज खरोखर जड झाला. पण ते थांबले नाहीत.

मग गुलाबसिंगांनी खुर्ची चौरंगामागे नेऊन ठेवली, ग्रंथासाठी उंच मेज आणले आणि स्वतः ऐसपैस मांडी घालून, सर्वांना दिसेल अशा बेताने, कठीण फरशीवर बसले. वाचन सुरू झाले. महिलांच्या रांगेतून भागिरथाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. माणिकरावांनी वाचता वाचता तो रिकामा केला, आणि प्रकरणाच्या मध्यावर जे व्हायचे ते झाले. त्यांनी ग्रंथात खूण ठेवली, वंदन केले आणि उठून उभे राहिले.

सभेत चुळबुळ झाली. एकदोघे रिकाम्या आसनाकडे आणि तिथून जगदेवांकडे पाहू लागले. जगदेव उभे राहिले. त्यांनी आसनाकडे पाहिलेही नाही. दोन्ही हात वर करून, हयातभर गाडीच्या दारातून दिला होता तोच आवाज त्यांनी दिला.

"बसा, बसा सारे! कोनी उतरू नोका. गाडी पाच मिन्टं थांबन!"